कंबरेची आणेवारी

देवरावने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. आधी उलटा, मग एसटीडीवाल्या हाफिजने फिरवून दिल्यावर सुलटा. कानाला लावण्याआधी त्याने डोक्याला गुंडाळलेल्या दुपट्ट्याचं टोक बाजूला सारलं. दुकानात स्टूल होतं, पण तो भिंतीला टेकून उभाच राहिला. बसलं की उठताना कोणाचा तरी हात लागायचा, आणि बाजाराच्या दिवशी चार लोकांदेखत हात मागणं त्याच्या जिवावर येई.

"जयभीम देवरावभाऊ," पलीकडून आवाज आला. "मी रीना, चंद्रपूरहून. ऐकू येतं का?"

"जयभीम बाई. येऊन राह्यलं."

"मग? आज आकडा किती?"

देवरावने डोळे मिटले. सकाळी खाटेवरून उठताना बायकोने, भागीरथेने, दोन्ही बगलांत हात घालून उचललं होतं. वाटेत खाचराच्या, म्हणजे बैलगाडीच्या, प्रत्येक हिसक्याला तोंडातून शब्द बाहेर पडू नये म्हणून दात आवळले होते. हे सगळं मनात चोळून, पाखडून त्याने आकडा काढला.

"चार," तो म्हणाला.

"चारच? वा!" पलीकडचा आवाज एकदम खुलला. "वा, देवरावभाऊ. फारच छान."

देवरावने रिसीव्हर कानापासून दूर नेला आणि त्याच्याकडे पाहिलं. चार म्हणजे दुष्काळ. चार म्हणजे पेरलेलं बीसुद्धा घरात परत येत नाही. आणि ही बाई वा म्हणते. थट्टा करत असेल म्हणावं, तर आवाजात थट्टा नव्हती. बाई खरंच खूश झाली होती. पुढे ती व्यायामाचं काहीबाही सांगत राहिली आणि देवराव हो बाई, हो बाई करत राहिला, पण त्याचं अर्धं ध्यान त्या 'वा'पाशीच अडकलं होतं.

बाहेर सावरटोल्याचं खाचर त्याची वाट पाहत उभं होतं. देवरावने गाडीवानाला हातानेच जा म्हणून सांगितलं आणि काठी टेकत पायी निघाला. काऊन, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

देवराव हा सावरटोल्याचा जुना कोतवाल. नोकरीची सगळी वर्षं तलाठ्याच्या मागे साखळी आणि झेंड्या घेऊन बांधाबांधाने हिंडण्यात गेली. कापणीच्या आधी साहेब लोक पिकाचा अंदाज घ्यायला येत, तेव्हा धानाची लोंबी तळहातावर चोळायची, फुंकर मारायची, दाणे न्याहाळायचे आणि आकडा सांगायचा, हे काम शेवटी देवरावकडेच येई. सोळा आणे म्हणजे भरलेलं पीक, बाकी जे असेल ते त्याच्या खाली. कागदावर पुढे पैसेवारी आली, पण गावाच्या तोंडातून आणेवारी काही गेली नाही. आणि 'आणे' हा शब्द कोणी उच्चारतही नसे. यंदा पाच, यंदा दहा, एवढं म्हटलं की ऐकणाऱ्याला कळायचं, यंदा घरात लग्न निघणार की नाही.

असा हा माणूस दोन वर्षं कंबर धरून होता, तो त्या साली दिवाळीनंतर जो बसला तो उठेना. मुलगा प्रफुल त्याला जीपने चंद्रपूरला घेऊन गेला. तिथल्या दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि सांगितलं, मणक्याचा आजार जुना आहे, आता तो घरचाच झाला, घालवून जाणार नाही. पण त्याला शिस्त लावता येते. शिस्त लावण्यासाठी त्यांनी देवरावला रीनाबाईंकडे पाठवलं. या व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई. अंगाने काडी, आवाज मात्र शाळेच्या घंटेसारखा.

"काय करता आलं पाहिजे तुम्हाला?" तिने पहिल्याच भेटीत विचारलं होतं.

असं कोणी डॉक्टरने विचारल्याचं देवरावला आठवत नव्हतं. तो जरा गोंधळला, मग म्हणाला, "मोह वेचता आला पायजे बाई. चैतात."

नाल्याकाठचा तो मोह त्याच्या बापाने त्याला दाखवून दिलेला. झाड जंगलाचं, पण कोणत्या झाडाखाली कोणी वेचायचं हे गावात ठरलेलं असतं. लग्न होऊन भागीरथा आली तेव्हापासून चैताच्या पहाटे दोघं टोपले घेऊन तिथे जात. वेचता वेचता वर्षभराचं बोलणं व्हायचं. गेले दोन चैत ती एकटी गेली. तिचं टोपलं दारातून बाहेर पडताना खाटेवरून पाहणं हे देवरावला कंबरेहून जास्त दुखायचं. हे मात्र त्याने बाईला सांगितलं नाही.

"चैतापर्यंत बघू," रीना म्हणाली होती. "पण एक गोष्ट. गोळ्या संपल्या की माणूस परत येतो. व्यायाम सुटला की येत नाही, लाजतो. म्हणून मीच दर बाजाराच्या दिवशी फोन करीन. फोन कुठे आहे?"

प्रफुलने गोंडपिपरीच्या हाफिजच्या एसटीडीचा नंबर दिला. आकड्याची भानगडही तिने प्रफुललाच समजावून दिली, चांगली सविस्तर, कागदावर रेघ ओढून. देवराव तेव्हा पलीकडच्या खोलीत कंबरेच्या पट्ट्याचं माप देत होता. परतीच्या जीपमध्ये प्रफुलने त्या सगळ्याचा सारांश सांगितला.

"बाबा, बाई फोनवर आकडा विचारन. कंबर कशी हाय, ते आकड्यात सांगाचं."

प्रफुल शाळेत मास्तर. मास्तर लोकांना सारांश काढण्याची खोडच असते. देवरावलाही आणखी काही विचारावंसं वाटलं नाही. जन्मभर त्याने दुसरं केलं काय होतं?

तर असा तो चारचा फोन झाला, आणि दुसऱ्या दिवसापासून देवराव व्यायामाला भिडला. सकाळी चटईवर उताणं पडून कंबर उचलायची. मग हातगुडघ्यांवर येऊन पाठ वर काढायची, खाली सोडायची. भागीरथा सडा घालता घालता थांबून पाहायची.

"म्हातारपनी रांगून राह्यले," ती म्हणायची. "आता दात येतीन."

"येऊ दे. भुट्टे खाता येतीन."

वाकायचं कसं, हेही बाईने नव्याने शिकवलं होतं. काहीही उचलायचं तर पाठ सरळ ठेवून गुडघ्यात बसायचं. फोनवर प्रत्येक वेळी शेवटचं वाक्य तेच असायचं, "कंबर नाही, भाऊ. गुडघे." लाइनला खरखर फार, म्हणून हाफिजने फोनचा भोंगा चालू करायला सुरुवात केली, आणि बाईचा तो मंत्र सगळ्या दुकानाला पाठ झाला. हाफिज दिवसभर मोडक्या रेडिओंवर वाकून बसलेला असे. देवरावचा फोन आला की तोही भिंतीला पाठ लावून उभा राही. आतून त्याची बायको रुबीना विचारी, "आज क्या सिखाया बाईने?" आणि पिठाचा डबा उचलताना गुडघ्यात बसे. मीठ-मिरची घ्यायला आलेल्या बायाही फोनची वेळ साधून थांबू लागल्या. बाजारात त्या दुकानाला दवाखाना हे नाव पडलं.

पौष सरता सरता देवराव बिनहाताने उठून बसू लागला. त्याने फोनवर सहा सांगितले.

"सहा?" बाईचा आवाज जरा थबकला. "बरं. व्यायाम करता ना?"

"एक दिस नाई चुकला."

माघात तो काठीशिवाय अंगणात फिरू लागला. त्याने आठ सांगितले. खरं म्हणजे नऊ होते. पण सरकारी माणसापुढे पीक कधी भरून सांगायचं नसतं, एक कमी सांगावं, हे त्याच्या हाडात मुरलेलं होतं. आकडा चढला की शेतसारा सुटत नाही.

"आठ," बाई म्हणाली. "देवरावभाऊ, तुम्ही फार सहन करता. सांगत नाही."

"सहन तं कराच लागते बाई," देवराव नम्रपणे म्हणाला. आपली तारीफ होते आहे असं वाटून त्याने हाफिजकडे पाहिलं. हाफिजनेही मान डोलावली.

त्यानंतर बाई बाजाराच्या दिवसाखेरीज मधल्या वारीही फोन करू लागली. हाफिज गावाकडे जाणाऱ्या कोणाच्या हाती निरोप धाडायचा आणि देवराव यायचा. त्याला याचं नवल वाटलं नाही. साहेबाची जीप नेहमी चांगल्या पिकाच्या बांधावरच थांबते, हे त्याने पाहिलेलं होतं. नवल एवढंच वाटे की पीक चढतं तसा बाईचा आवाज उतरत का जातो. शहरात कामाचा ताप असेल, असं तो भागीरथेला म्हणाला.

"नाईतं लगन जमत नसन," भागीरथा म्हणाली.

मग चैत लागला. नाल्याकडून वारा आला की मोहाचा गोड, जड वास अंगणात येऊन बसायचा. पहिल्या दिवशी भागीरथेने टोपलं उचललं, देवरावकडे पाहिलं आणि निघाली.

"दोन दिस थांब," देवराव म्हणाला. "बाजाराच्या दिशी बाईले इचारतो, मंग संगंच जाऊ."

ती थांबली नाही, कारण मोह कोणासाठी थांबत नाही. पण जाताना ती गुणगुणत होती.

बाजाराच्या दिवशी देवरावने प्रफुलची सायकल काढली. आधी थोडी हातात धरून, मग बसून, मग उतारावर घंटी वाजवत तो गोंडपिपरीला पोचला. हाफिज दारात आला आणि सायकल पाहून त्याने दोन्ही हात वर केले. दुकानात जमलेल्यांनी देवरावला वाट करून दिली. फोन वाजला.

"मग? आकडा किती?"

"अकरा," देवराव म्हणाला. आवाजातला अभिमान लपवायचा त्याने प्रयत्न केला, पण तो काही लपला नाही.

भोंग्यातून नुसती खरखर येत राहिली.

"देवरावभाऊ... अकरा? दहाच्या वर?"

"दहा कवाच मांगं पडले बाई."

"कसे आलात आज? खाचरानं?"

"सायकलनं."

"सायकलनं?" आवाज असा चढला की हाफिजने भोंग्याचं बटण थोडं खाली केलं. "कोणी सांगितलं तुम्हाला सायकल चालवायला? म्हणून अकरा झाले."

"हो बाई. त्यानंच झाले असतीन," देवराव आनंदाने म्हणाला.

"आता माझं नीट ऐका. सायकल बंद. व्यायाम बंद. वाकायचं नाही. खाटेवरून उठायचंच नाही. मी रविवारी स्वतः येते. पाहते, आणि गरज पडली तर नागपूरला नेऊ."

"पन बाई, मोह पडून राह्यला."

"पडू द्या," रीना म्हणाली, आणि फोन ठेवला.

देवरावने रिसीव्हर परत दिला, दुपट्टा नीट केला आणि सायकल हातात धरून, न बसता, चालत घरी निघाला. डोळ्यांत पाणी यायला लागलं तसा तो स्वतःवरच चिडला. एवढी चढलेली कंबर, आणि तिला खाटेवर टाकायची? नाल्यापर्यंत पोचता पोचता त्याला एकदम अर्थ लागला. पीक पोटरीवर आलं की राखण बसवावी लागते. मचाण बांधून रात्रंदिवस जागतात, नाहीतर ऐन वेळी रानडुक्कर येतं आणि होत्याचं नव्हतं करतं. बाईने राखण बसवली होती. अकरा आणे पीक म्हणजे काय खेळ आहे? त्याला जरा बरं वाटलं.

त्या संध्याकाळपासून तो खाटेवर पडून कंबर राखू लागला. काही दुखत नव्हतं. झोप येत नव्हती. वास मात्र यायचा. भागीरथा पहाटे उठून जायची, ऊन चढल्यावर भरलं टोपलं घेऊन यायची, फुलं अंगणात वाळत घालायची आणि खाटेकडे बघायचीच नाही.

"बाई म्हनली म्हनून," तो म्हणाला.

"मी काई म्हनलं का?"

"राखन हाय ते."

"राखा. डुक्कर आलं तं हाक मारा."

तो निमूट पडून राहिला. दुसरा कोणी असता तर गुपचूप पहाटे उठून गेला असता, पण देवरावचं मन घेईना. आजवर त्याला इतके साहेब भेटले, पण परत विचारायला कोणी आलं नव्हतं. हा आवाज हिवाळाभर न चुकता येत राहिला होता. त्याचं ऐकायलाच हवं होतं.

रविवारी पहिल्या बसने रीना गोंडपिपरीला उतरली आणि हाफिजच्या लुनावर मागे बसून सावरटोल्यात आली. फुफाट्याने दोघंही पांढरे झाले होते. तिच्या खांद्याला मोठी पिशवी होती, आणि रात्रभर न झोपल्यासारखा तिचा चेहरा होता. अंगणात खाट, खाटेवर देवराव. तिला पाहताच तो झटकन उठून उभा राहिला.

"उठू नका," रीना ओरडली. "पडून राहा."

"पाहुनी आली घरी अन् पडून राहू काय?" असं म्हणत देवराव तिच्या देखत विहिरीकडे गेला. भागीरथा अजून मोहाखालीच होती आणि प्रफुल न्हाणीत, पाणी द्यायला दुसरं कोण? त्याने बादली सोडली, भराभर ओढली, काठावर घेतली, गुडघ्यात बसून उचलली आणि लोटा भरून तिच्यापुढे धरला.

रीनाने लोटा घेतला नाही. ती त्याच्या कंबरेकडे बघत होती.

"देवरावभाऊ, दुखतं ना फार?"

"कुठी?"

"कंबर."

"नाई बा. थोडी पायटी उठतानी धरते, मंग सुटते."

"अहो, मग अकरा काय?"

"अकराच तं," देवराव जरा ओशाळला. "बरं, खरं सांगतो. बाराले टेकली हाय. पन मी एक कमीच सांगत असतो. सरकारपुढं पीक भरून सांगाचं नसते."

"पीक?"

रविवार असल्याने प्रफुल घरी होता. आंघोळ अर्धी टाकून, खांद्यावर टॉवेल घेऊन तो बाहेर आला. त्याने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा बाईकडे, आणि त्याचा चेहरा पडत गेला.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "बाईचा आकडा दुखन्याचा हाय. दहा म्हंजे सहन नाई होत, इतकं दुखते. शून्य म्हंजे काईच नाई दुखत."

"मंग तू मले हे काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं नं. आकड्यात सांगाचं म्हनून."

देवराव विचारात पडला. मग त्याने रीनाला खरंच समजून घ्यायचं म्हणून विचारलं, "पन बाई, दुखन्याची आनेवारी कोन काढते? पिकाची काढतेत."

रीना खाटेवर बसली. आधी तिच्या खांद्यांना हसू फुटलं, मग सगळी खाट करकरायला लागली. ओढणी तोंडात धरूनही तिला हसू आवरेना. हाफिज लुनाच्या सीटवर डोकं टेकून हसत होता आणि मध्येच "दहा कवाच मांगं पडले" असं म्हणून पुन्हा सुरू होत होता. प्रफुलला हसावं की आत जावं कळेना. देवराव लोटा हातात घेऊन उभा होता आणि सगळे हसतात म्हणून तोही हसला. अशा हशात नाल्याकडून टोपलं घेऊन भागीरथा आली आणि दारातच थांबली.

"हे फोनवाली बाई?" तिने विचारलं. "एवढीशीच?"

त्यावर पुन्हा हसू झालं. मग रीना हसता हसता थांबली. बोटांवर ती मनाशी काहीतरी मागे मागे मोजत होती, हे देवरावला दिसलं.

"म्हणजे पौषात," ती म्हणाली, "तुम्ही चार सांगितलं होतं."

"हो."

"तेव्हा तुम्हाला..."

"तवा उठून बसता नाई ये. हिनं उचललं होतं."

"आणि मी वा म्हटलं."

रीनाचे डोळे भरून आले होते, आणि ती ते पुसतही नव्हती. देवरावने लोटा ओट्यावर ठेवला. एवढं बोलणं त्याला सवयीचं नव्हतं, पण बाईला तसंच बसू देणं त्याच्याने होईना.

"बाई, म्या जल्मभर आनेवारी सांगतली," तो म्हणाला. "चार सांगतले का साहेब तोंड वाकडं करते, लिहून घेते अन् जीपमंधी बसते. चार आने पिकाले वा म्हननारा मानूस म्या पयल्यांदाच पाह्यला. मले वाटलं, ह्या बाईले चारातबी काई दिसून राह्यलं. मंग आपुनबी पाहावं म्हनलं." तो पुढे म्हणाला, "त्या दिशी गाडी होती गावाची. म्या चालत आलो."

भागीरथेने मान हलवली. ते तिला आठवत होतं. त्या दिवशी तिने त्याला काठी टेकत येताना पाहिलं होतं, आणि खाचर मोडलं का म्हणून विचारलं होतं.

रीनाने ओढणीने नाक पुसलं आणि शेवटी पाणी प्यायली, सगळा लोटा.

"मंग," देवराव म्हणाला, "आता राखन उठवाची का?"

"कसली राखण?"

"कंबर राखत पडले होते ना इतके दिस," भागीरथा म्हणाली. "पिकलेल्या वावरावानी."

"उठवा," रीना उठून उभी राहिली. "आणि चला. मला दाखवा तो मोह."

ऊन चढायला लागलं होतं, पण झाडाखाली अजून फुलं होती, आणि वरून एखादं टपकन पडतही होतं. भागीरथेने मघाचं टोपलं रिकामं करून पुन्हा आणलं होतं. दुसरं टोपलं तिने देवरावपुढे ठेवलं. हे दुसरं तिने चैत लागल्यापासून त्याच्यासाठी इथेच ठेवलं असावं, कारण ते झाडाच्या बुंध्याशी झाकून ठेवलेलं होतं आणि वरून पडलेल्या फुलांचा चिकटा त्याला लागलेला होता. देवरावने ते पाहिलं. तो गुडघ्यात बसला, पाठ सरळ ठेवली आणि पहिलं फूल उचललं. भागीरथा पलीकडच्या बाजूला वेचत होती. थोड्या वेळाने ती सरकत सरकत त्याच्या बाजूला आली आणि दोन वर्षांपूर्वी जिथे सोडली होती तिथून असावी, अशी कोणा इतवारीच्या सुनेची गोष्ट सांगायला लागली.

रीनाला नुसतं उभं राहवेना. ओढणी कंबरेला खोचून तीही वेचायला लागली. शहरातली पोर, दोन्ही पाय ताठ ठेवून कंबरेतून वाकून भराभर वेचत सुटली.

"बाई," मागून आवाज आला.

"काय?"

"कंबर नाई," देवराव म्हणाला. "गुडघे."

भागीरथा इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. रीना शहाण्या मुलीसारखी गुडघ्यात बसली आणि परतीच्या बसची वेळ होईपर्यंत हट्टाने वेचत राहिली. उठताना तिला झाडाचा आधार घ्यावा लागला. ते देवरावला दिसलं.

पुढच्या बाजाराला देवराव सायकलवर आला. हाफिजच्या दुकानात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. गोष्ट बाजारभर झाली होती, आणि मीठ-मिरचीवाल्या बाया तर फोनच्या आधीच येऊन बसल्या होत्या. रुबीना पीठ भरलेल्या हातांनी दारात उभी होती. फोन वाजला. देवरावने रिसीव्हर पहिल्याच फटक्यात सुलटा धरला.

"जयभीम देवरावभाऊ. मग? आज आकडा..."

"थांबा बाई," देवराव म्हणाला. "आंदी तुमचा सांगा."

"माझा?"

"हो. मोहाखालून गेल्यावर कशी हाय कंबर?"

भोंग्यातून आधी खरखर आली, मग एक बारीक हसू.

"मला कोणी विचारत नाही हो हे," रीना म्हणाली. "खरं सांगू? रविवारपासून जिना उतरता येत नाही. मांड्या धरल्या, कंबर धरली. आज खुर्चीवरून उठताना आमच्या शिपायाने हात दिला."

"आकडा सांगा."

ती विचार करत होती. दुकान श्वास रोखून ऐकत होतं.

"चार," ती म्हणाली.

देवरावने रिसीव्हर तोंडाशी नीट धरला.

"चार?" तो म्हणाला. "वा, बाई. वा."